क्लब मोडीत, चांदी शाबूत

17 मार्च 1990, शनिवार. क्रीडापानावर मी नवा होतो आणि रात्रपाळीला एकटा होतो. पान जवळजवळ लागलं होतं, फक्त तळाशी एका कॉलमात चार बोटं जागा उरली होती. टेलिप्रिंटरवर बातमी आली: स्कॉटलंडने इंग्लंडला 13–7 असं हरवून कलकत्ता कप जिंकला. रग्बीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. कप कलकत्त्याचा, म्हणजे सामना कलकत्त्याला, असा सरळ हिशेब करून मी बातमीच्या डोक्यावर ‘कलकत्ता, ता. 17’ असं टाकलं आणि शेवटची लोकल गाठली.

सोमवारी वृत्तसंपादकांनी बोलावलं. अंक समोर पसरलेला, त्या चार बोटांवर लाल पेन्सिलीचं वर्तुळ. आवाज न चढवता म्हणाले, “तीस गोरे कलकत्त्याला येऊन लोळून, मारामारी करून परत गेले आणि आपल्या तिथल्या बातमीदाराला पत्ता नाही. बोल, त्याला काढू की तुला?”

सामना एडिंबरोला होता, मरेफिल्डच्या मैदानावर. आणि साधासुधा नव्हता. दोन्ही संघ त्या मोसमात अजिंक्य होते, जो जिंकेल तो सगळंच नेणार होता. स्कॉटलंडचा कर्णधार डेव्हिड सोल आपल्या संघाला धावत नाही तर अगदी सावकाश, एकेक पाऊल टाकत मैदानात घेऊन आला. ते चालत येणं अजूनही रग्बीवाले डोळे मिटून सांगतात. मी त्या सामन्याला चार बोटं जागा दिली, तीही चुकीच्या गावची.

पण बोलणी खाऊन बाहेर पडताना एक प्रश्न डोक्यात राहिला. इंग्लंड-स्कॉटलंडच्या कपाला आपल्या कलकत्त्याचं नाव कशाला? तेव्हापासून दर फेब्रुवारी-मार्चमध्ये हा कप आला की मी एखादं कात्रण बाजूला टाकत आलो. त्या कात्रणांत सामने कमी आहेत, मागच्या भानगडी जास्त.

सुरुवात नाताळच्या दिवशी झाली. 25 डिसेंबर 1872 ला कलकत्त्यात रग्बीचा सामना झाला. एका बाजूला इंग्लंडचे वीस जण, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स मिळून वीस. हो, तेव्हा बाजूला वीस खेळाडू असत; पंधरावर गाडी आली ती पुढे पाच वर्षांनी. डिसेंबरातलं कलकत्ता म्हणजे हवेत गारवा, जमीन कोरडी, पोटात नाताळचं जेवण. मजा आली असणार, कारण आठवड्याच्या आतच सामना पुन्हा खेळला गेला. आणि जानेवारी 1873 मध्ये क्लब निघाला: कलकत्ता फुटबॉल क्लब. नावात फुटबॉल आणि खेळ रग्बी, याचं आज नवल वाटतं; तेव्हा गोल चेंडूवाले आणि लांबट चेंडूवाले दोघेही स्वतःला फुटबॉलवालेच म्हणवत. 1874 मध्ये क्लब लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनचा सभासदही झाला. युनियन स्वतःच तेव्हा तीन वर्षांचं पोर होतं.

सभासद कोण? कलकत्त्याच्या पेढ्यांमधले साहेब, ज्यांना तिथे ‘बॉक्सवाला’ म्हणत, आणि छावणीतले पलटणीचे लोक. ‘बफ्स’ नावाने ओळखली जाणारी तिसरी रेजिमेंट आणि पासष्टावी रेजिमेंट, यांच्या जिवावर संघ उभा राहायचा. एतद्देशीय माणूस या चित्रात कुठे असलाच तर रेषेबाहेर, हातात ट्रे घेऊन.

तो ट्रे महत्त्वाचा आहे, कारण क्लबाचं भवितव्य त्याच्यावरच ठरलं.

पहिल्या वर्षी क्लब जोरात चालला. सभासद भराभर आले. आणि याचं कारण रग्बीची आवड एवढंच नव्हतं. क्लबात बार होता आणि तो फुकट होता. ‘फुकट ते पौष्टिक’ हे साहेबाच्या भाषेत काय म्हणतात ठाऊक नाही, पण त्याच्या रक्तात ते नक्की होतं. वर्षभरात खजिन्याचा श्वास अडकला आणि बार बंद करावा लागला. दारू विकत घ्यावी लागणार म्हटल्यावर सभासदांची संख्या डोळ्यांत भरेल इतकी घसरली. रग्बीच्या इतिहासाची पुस्तकं ही गोष्ट एका वाक्यात, अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतात. मला ते वाक्य फार आवडतं. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळात काम केलेल्या कुणालाही ते समजावून सांगावं लागणार नाही. वर्गणी मागायला जाताना किती जण असतात आणि महाप्रसादाला किती, हे पाहिलेला माणूस कलकत्ता फुटबॉल क्लबाचा ताळेबंद न बघता सांगू शकतो.

मग हवा. नाताळात रग्बी ठीक, पण मार्च उजाडला की त्या शहरात अंगावर गंजीफ्रॉक सहन होत नाही, तिथे जाड लोकरी जर्सी घालून एकमेकांवर आदळायचं कुणी? शिवाय जमीन वाळून दगड झालेली. पोलो होता, कलकत्ता पोलो क्लब 1862 पासूनचा. त्यात घाम घोड्याला येतो. टेनिस आलं, त्यात बायका-पोरींसमोर पांढऱ्या कपड्यांत मिरवता येतं. शेवटी बफ्स रेजिमेंट कलकत्ता सोडून गेली आणि संघाचा कणाच मोडला. 1877 संपेपर्यंत क्लबात उरलं काय, तर थोडी माणसं आणि बँकेत थोडे पैसे.

इथे एक माणूस पुढे येतो. जी. ए. जेम्स रोथनी. तो क्लबाचा कर्णधार होता, मानद सचिव होता आणि खजिनदारही तोच होता. तिन्ही पदं एकाच्या गळ्यात पडली की समजावं, सभा भरवायला दुसरा कुणी येत नाही.

रोथनीचा एक पैलू रग्बीच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही, तो सापडतो मुंग्यांच्या पुस्तकांत. हा व्यापारी माणूस फावल्या वेळात कीटकशास्त्रज्ञ होता. मुंग्या, गांधीलमाश्या, मधमाश्या हा त्याचा प्रांत. कलकत्त्याजवळ बराकपूरला झाडांच्या खोडांवरून चढणाऱ्या-उतरणाऱ्या मुंग्या तो तासन्‌तास पाहत बसे. काळ्या-तांबड्या, सडपातळ, कडक डंख मारणाऱ्या एका मुंगीचं सोंग घेऊन एक कोळी त्याच झाडावर वावरतो, हे त्याने टिपून ठेवलं. त्याने जमवलेले कीटक पुढे ऑक्सफर्डच्या संग्रहालयात गेले आणि एका मुंगीच्या शास्त्रीय नावात ‘रोथनी’ कायमचा चिकटून बसला. मला हे कळलं तेव्हा क्लबाची उरलेली गोष्ट एकदम उलगडल्यासारखी वाटली. वारूळ ओसाड पडलं तरी त्यातलं काय जपून ठेवायचं, हे असल्या माणसाला कळणारच. एरवीच्या खजिनदाराने उरलेले पैसे शेवटच्या मेजवानीत उडवले असते आणि आभार मानून घरी गेला असता.

20 डिसेंबर 1877 ला रोथनीने लंडनच्या युनियनला पत्र लिहिलं. सूचना अशी की क्लब बंद होतोय, पण शिलकीतून एक कप घडवून तुमच्याकडे पाठवतो, त्याच्यासाठी दरवर्षी स्पर्धा व्हावी. युनियनने होकार कळवला.

मग बँकेतून शिल्लक काढली. 270 रुपये. रोख, चांदीचे, राणीछाप.

राणीछाप म्हटलं की आमच्या आजीच्या पिढीचे डोळे चमकायचे. एक कलदार म्हणजे 11.66 ग्रॅम वजन आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. मी सराफाच्या पद्धतीने हिशेब करून पाहिला: 270 रुपयांचं वजन भरतं तीन किलो 148 ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी जवळजवळ दोन किलो 900 ग्रॅम. ते सगळे रुपये वितळवले. सोनारकट्ट्यावर ज्याला ‘मोडीत घालणं’ म्हणतात ते क्लबाने स्वतःच्या हाताने, अक्षरशः केलं.

आणखी एक हिशेब मांडतो. त्याचा रग्बीशी संबंध नाही, आणि कलकत्त्याशीही थेट नाही, तरी हात थांबत नाही. 1876 ते 78 हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकीच मजुरी ठरवली. मुंबई इलाख्यात लोकांनी त्याविरुद्ध कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे मुशीत गेलेले 270 रुपये ही त्या दराने 4,320 मजुरांची एका दिवसाची रोख मजुरी होती. रोथनीला यात दोष देण्यात अर्थ नाही, पैसा क्लबाचा होता. पण कपाची चकाकी पाहताना हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून सांगितला.

कप घडला तो खरोखर देखणा. कारागिरी भारतीय. उंची साधारण अठरा इंच, अंगावर बारीक नक्षीकाम. तीन दांडे आहेत आणि तिन्ही नागराज: फणा काढलेले, शेपटीने कपाच्या बुडाला धरलेले. झाकणावर हत्ती, हत्तीवर हौदा. तो हत्ती व्हॉइसरॉयच्या हत्तीखान्यातल्या हत्तीवरून घेतला, असं म्हणतात. ‘असं म्हणतात’ हे शब्द मी मुद्दाम ठेवतोय, कारण हत्तीच्या गोष्टीत व्हॉइसरॉय घालायचा मोह कुणालाही होईल. कपावर 1878 साल कोरलंय. देणाऱ्या क्लबाचं नाव कोरलंय, घेणाऱ्या युनियनचं कोरलंय, खेळणाऱ्या दोन्ही देशांची कोरली आहेत. घडवणाऱ्या कारागिराचं त्या मजकुरात नाही.

कप लंडनला पोचल्यावर जे झालं ते मला या सगळ्यातलं सर्वांत मुरलेलं राजकारण वाटतं. रोथनी आणि मंडळींच्या मनात क्लबांची स्पर्धा होती. फुटबॉलवाल्यांचा एफ. ए. कप 1871–72 मध्ये सुरू झाला होता आणि त्याने गर्दी खेचली होती. तसंच काही रग्बीत व्हावं, असा साधा विचार. युनियनच्या साहेबांना तेच नको होतं. क्लबा-क्लबांत कप लागला की चुरस वाढणार, चुरस वाढली की चांगला खेळाडू पळवापळवीत सापडणार, आणि पळवापळवी म्हटलं की पैसा आलाच. खेळ हौसेचा राहिला पाहिजे, हे त्यांचं ब्रीद. हौस म्हणजे ज्याला शनिवारची मजुरी बुडाली तरी चालतं त्याची हौस, हे त्यात न बोलता आलं. म्हणून त्यांनी कप क्लबांना दिलाच नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या वार्षिक सामन्याला लावून टाकला.

भीती खरी ठरायची ती ठरलीच. खेळासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची की नाही, यावरून 1895 मध्ये उत्तर इंग्लंडचे क्लब फुटून निघाले आणि रग्बीची दोन भावंडं वेगळी झाली ती आजतागायत. इंग्लंडच्या युनियनने आपल्या क्लबांसाठी देशव्यापी बाद पद्धतीची स्पर्धा सुरू केली 1971–72 मध्ये. कलकत्त्याच्या बंद पडलेल्या क्लबाने सुचवल्यावर तब्बल 94 वर्षांनी.

पहिला सामना 10 मार्च 1879 ला, एडिंबरोच्या रेबर्न प्लेस मैदानावर. एवढ्या थाटाचा कप, सगळे टक लावून बसलेले, आणि सामना बरोबरीत. कप कुणी घेऊन गेलंच नाही. पुढच्या वर्षी मँचेस्टरला इंग्लंडने जिंकला. कपाच्या लाकडी बैठकीवर दरवर्षीच्या निकालाच्या पट्ट्या लावतात, त्यातही एक गंमत आहे. पट्ट्या 1871 पासून सुरू होतात. म्हणजे रुपये अजून रुपयेच होते आणि क्लबही निघालेला नव्हता, तेव्हाचे निकालसुद्धा कपाच्या खाती जमा आहेत. असा मागच्या तारखेने भरलेला हिशेब आपल्या सहकारी सोसायटीत सापडला तर ऑडिटर उभा करेल.

आता 1988. माझ्या कात्रणांत हे सर्वांत मळकं आहे, कारण दाखवायला सारखं बाहेर निघतं.

5 मार्च, मरेफिल्ड. इंग्लंडने 9–6 असा सामना जिंकला. पाहणारे सांगतात की इतका रटाळ सामना क्वचित झाला असेल. रात्री दोन्ही संघांचं एकत्र जेवण. रग्बीत ही रीत आहे: दुपारी ज्याच्या बरगड्या मोजल्या, रात्री त्याच्याच ग्लासात ओतायचं. जेवणानंतर दोन गडी कप घेऊन गुपचूप बाहेर पडले. एक इंग्लंडचा डीन रिचर्ड्स, पेशाने पोलीस. दुसरा स्कॉटलंडचा जॉन जेफ्री, केल्सोचा शेतकरी, पांढुरक्या केसांमुळे ज्याला ‘व्हाइट शार्क’ म्हणत. एडिंबरोतल्या प्यायच्या जागा पालथ्या घालत ते फिरले आणि प्रिन्सेस स्ट्रीटवर, शहराच्या ऐन मुख्य रस्त्यावर, कपाचा चेंडू झाला. शंभर वर्षं जपलेली, कारागिराने महिनोन्‌महिने ठोकून आकाराला आणलेली चांदी फुटपाथवर आपटली. सकाळी कपाला पोचे पडलेले होते आणि आकार बिघडला होता.

पोलिसाने चोरी केली आणि शेतकऱ्याने साथ दिली, असं म्हणावं तर तसंही नाही. दोघं सारखेच होते. शिक्षा मात्र सारखी झाली नाही. इंग्लंडच्या युनियनने रिचर्ड्सला एका सामन्यापुरतं बसवलं. स्कॉटलंडच्या युनियनने जेफ्रीला सहा महिने. ही तफावत स्कॉटिश लोक अजून विसरलेले नाहीत. पण काळाने हिशेब कसा जुळवला पाहा. रिचर्ड्स पुढे प्रशिक्षक झाला आणि 2009 मध्ये त्याच्या हार्लेक्विन्स संघाने एका खेळाडूच्या तोंडात लाल रंगाची गोळी फोडून खोटं रक्त दाखवलं, खेळाडू बदलायची परवानगी मिळावी म्हणून. त्या प्रकरणात त्याला तीन वर्षं खेळापासून दूर राहावं लागलं. आणि जेफ्री? ज्या युनियनने त्याला सहा महिने घरी बसवलं होतं, त्याच स्कॉटिश युनियनचा तो अध्यक्ष झाला.

दुरुस्ती झाली, कप उभा राहिला, पण चांदी एकदा दुखावली की दुखावली. मूळ कप आता नाजूक झालाय. त्याचं घर लंडनमध्ये, ट्विकनमच्या रग्बी संग्रहालयात. दोन्ही देशांकडे हुबेहूब प्रतिकृती आहेत.

2019 चा सामना विसरून चालणार नाही, कारण तो मी रात्री जागून पाहिला आणि अर्ध्यात बंद करून झोपलो. इंग्लंड 31, स्कॉटलंड शून्य, अजून अर्धा तासही झाला नव्हता. सकाळी उठून बघतो तर 38–38. मध्यंतरात कपडे बदलायच्या खोलीत स्कॉटलंडचा फिन रसेल आणि प्रशिक्षक ग्रेगर टाउनसेंड यांची जुंपली होती. मी सांगितल्यासारखं खेळतोय आणि मार खातोय, असं रसेलचं म्हणणं. नंतर संघ आपल्या मनाने खेळला. 38–31 अशी आघाडीसुद्धा घेतली. इंग्लंडने अगदी शेवटच्या क्षणी बरोबरी साधली, पण आदल्या वर्षी कप स्कॉटलंडकडे होता आणि बरोबरीत कप असतो त्याच्याकडेच राहतो. झोपेपायी मी काय गमावलं याची आठवण घरची मंडळी अजून करून देतात.

कप परदेशी संसाराला लागला, पण माहेरी काय झालं?

माहेर मेलं नव्हतं. 1884 मध्ये कलकत्त्यात क्लब पुन्हा सुरू झाला. आणि जुनं नाव, जुना डौल सगळं हवं, पण कप तर लंडनला! मागायचा तरी कसा, स्वतःच दिलेला. मग 1890 मध्ये त्यांनी भारतातल्या क्लबांसाठी आणखी एक कप काढला. त्यालाही लोक ‘कलकत्ता कप’च म्हणू लागले. थोडक्यात, कलकत्ता कप दोन आहेत. रोथनीच्या मनातली क्लबांची स्पर्धा लंडनला झाली नाही, ती झाली इथे. माझी 1990 ची चूक थोडी फिरवून पाहिली तर अर्धी बरोबर निघाली असती, असं मी वृत्तसंपादकांना पुढे एकदा म्हणालो. ते हसले नाहीत.

नव्या क्लबाने गोल चेंडूही जवळ केला आणि त्याच्याच मैदानावर 29 जुलै 1911 ला आय. एफ. ए. शील्डचा अंतिम सामना झाला. मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2–1 हरवलं. अकरातले दहा जण अनवाणी. जिथे देशी माणूस ट्रे घेऊन उभा राहायचा, त्याच क्लबाच्या गवतावर. बंगाली माणूस या सामन्याबद्दल बोलायला लागला की मध्ये तोंड उघडू नये.

इंग्रज गेले तेव्हा रग्बी जाईल, असं सगळ्यांनी धरलं होतं. ती टिकवली ज्यांनी, ते कुणाच्या खिजगणतीत नव्हते. कलकत्त्यात 1821 पासून आर्मेनियन कॉलेज आहे. फ्री स्कूल स्ट्रीटवरची ती जागा, जिथे कादंबरीकार थॅकरे 1811 मध्ये जन्मला. इराण, इराक, आर्मेनियाहून तिथे मुलं शिकायला यायची, वसतिगृहात राहायची आणि रग्बी खेळायची. आडव्या हाडापेराची ही मुलं मैदानात उतरली की समोरच्याच्या पोटात गोळा यायचा. ‘ला मार्टिनिएर’ शाळेचे आजी-माजी विद्यार्थीही होते. मूठभर माणसं, पण खेळ त्यांनी सोडला नाही.

1965 मध्ये या क्लबाचं लग्न लागलं कलकत्ता क्रिकेट क्लबाशी, जो 1792 पासूनचा, भारतातला सर्वांत जुना. तेव्हापासून नाव कलकत्ता क्रिकेट अँड फुटबॉल क्लब, तोंडात ‘सीसीएफसी’. पत्ता बालीगंज, गुरुसदय रोड. नावात अजूनही रग्बी नाहीच.

हवेचा प्रश्न मात्र सुटला, आणि तो ज्याने सोडवला त्याला माझा नमस्कार. साहेबांनी नाताळातली हौस उन्हाळ्यापर्यंत ताणायचा खटाटोप केला. इथल्या लोकांनी रग्बी पावसाळ्यात नेली. जमीन लोण्यासारखी, आपटलं तरी हाड शाबूत. आमच्या मुंबईतही तेच. बॉम्बे जिमखाना 1875 चा, म्हणजे कलकत्त्याच्या क्लबाहून दोन वर्षांनी धाकटा आणि तोही फक्त गोऱ्यांसाठी निघालेला. माझ्या पिढीच्या मुंबईकराने रग्बी पाहिली ती अशी: जुलैचा पाऊस, फॅशन स्ट्रीटवर शर्टाची घासाघीस चालू, आणि समोर कुंपणापलीकडे चिखलाचे तीस पुतळे एकमेकांत घुसलेले. दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण खांद्यात खांदा अडकवून, डोकी खाली घालून रेटतात त्याला स्क्रम म्हणतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, कुणाचं तरी पैशांचं पाकीट पडलंय. अभिनेता राहुल बोस याच जिमखान्याचा खेळाडू. 1998 मध्ये भारताचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, सिंगापूरला, तेव्हा तो संघात होता. आता तो भारतीय रग्बी संघटनेचा अध्यक्ष झालाय.

या गोष्टीचं ताजं पान 2004 चं आहे. कलकत्त्याच्या ब्रिटिश उप-उच्चायुक्तालयात नोकरीला आलेला पॉल वॉल्श नावाचा माणूस रग्बीच्या वेडापायी मैदानावरच्या, वस्त्यांमधल्या पोरांच्या हातात चेंडू देत सुटला. त्यातून ‘जंगल क्रोज’ हा क्लब उभा राहिला. नाव अगदी चपखल: कलकत्त्याच्या मैदानावर सकाळी आधी कावळे येतात, मग पोरं. ही पोरं पुढे देशातल्या जुन्या क्लबांना भारी पडायला लागली. तोच चेंडू पुढे उत्तर बंगालमध्ये जलपाईगुडीच्या सरस्वतीपूर चहामळ्यात पोचला. चहाची पानं खुडणाऱ्या घरांतल्या मुली तिथे रग्बी खेळायला लागल्या आणि राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेल्या. यांच्यापैकी एकालाही 1873 च्या क्लबाने फाटकाच्या आत घेतलं नसतं, आणि यांच्यापैकी एकानेही फुकट बारपायी खेळ सुरू केलेला नाही.

ऑगस्टात कोलकात्याला कामानिमित्त जाणं झालं, तर एक संध्याकाळ मैदानावर काढा. लंडनच्या कपाला पहारा आहे, इथे कुणी अडवत नाही. फक्त रेषेपासून चार पावलं मागे उभे राहा आणि चांगले बूट घालून जाऊ नका.